‘ला’ म्हणजे ‘टू’ नाही: त्या पाच सूत्रांना उत्तर

गेल्या आठवड्यात अहमदपूरहून माझ्या भाचीने एक मेसेज पुढे पाठवला. खाली तिचा प्रश्न होता, “मामा, हे खरंय का? आमच्या वर्गात सगळ्यांनी पाठ केलंय.” दोन दिवसांत तोच मेसेज मला आणखी चार ग्रुपवर दिसला, त्यातले दोन ग्रुप शिक्षकांचे. मजकूर थोडक्यात असा: इंग्रजी सोपी आहे, पाच सूत्रं लक्षात ठेवा. पहिलं, मराठीत ‘ला’ आला की इंग्रजीत ‘टू’ लावा; मला म्हणजे ‘टू मी’, त्याला म्हणजे ‘टू हिम’. दुसरं, ‘टू’ आठवला नाही तर क्रियापदानंतर थेट व्यक्ती ठेवा. ‘गिव्ह मी’ चालतं तसं सगळं चालतं. तिसरं, ‘टर्न ऑफ’, ‘पिक अप’ ही जोडक्रियापदं आहेत, त्यांच्यामध्ये काही घुसवू नका. चौथं, दुसऱ्याला काम करायला लावायचं असेल तर व्यक्ती, मग ‘टू’, मग क्रियापद. पाचवं, समोरच्याला कळलं की इंग्रजी बरोबर.

मी उदगीरला एकोणीस वर्षांपासून संध्याकाळचे इंग्रजीचे वर्ग घेतो. बहुतेक मुलं मराठी शाळेतली, काही देवणी आणि जळकोटकडून एसटीने येणारी. मेसेज लिहिणाऱ्याचा हेतू चांगला आहे हे मला मान्य आहे. पोरांच्या मनातली भीती जावी असं त्याला वाटतंय, मलाही वाटतं. पण या सूत्रांवर विसंबलेलं पोर ज्या वाक्यांवर अडखळतं ती मी रोज बघतो, म्हणून प्रत्येक सूत्राला उत्तर देतोय.

आधी एक खुलासा. इंग्रजी शब्द मी अवतरणात देतोय, कारण इंग्रजी ‘मी’ आणि आपला मी कानाला एकच लागतात. अर्थ मात्र वेगळे: इंग्रजी ‘मी’ म्हणजे मला. पाचवीतली पोरं ‘मी गो होम’ म्हणतात त्याचं एक कारण हेच आहे.

आता पहिलं सूत्र. सगळ्यात जास्त नुकसान याने होतं, म्हणून यावर सविस्तर लिहितो.

विभक्तीचा तक्ता आपण सगळ्यांनी घोकलाय. द्वितीया: स, ला, ते, स, ला, ना, ते. पुढे चतुर्थी आली की पुन्हा तेच: स, ला, ते, स, ला, ना, ते. दोन विभक्तींना एकच प्रत्यय कसे, हे आम्हाला वर्गात कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. पण या सगळ्या घोटाळ्याचं मूळ तिथेच आहे. ही तीन वाक्यं बघा. “मी त्याला पाहिलं.” “मी त्याला पैसे दिले.” “त्याला भूक लागली.” तिन्हीत त्याला आहे, पण तो तीन वेगळी कामं करतोय. पहिल्यात तो पाहिला गेला, दुसऱ्यात त्याच्या हातात पैसे पडले, तिसऱ्यात त्याला काहीतरी होतंय. इंग्रजीत ही तीन कामं तीन ठिकाणी जातात: ‘आय सॉ हिम’, ‘आय गेव्ह हिम मनी’, ‘ही इज हंग्री’. यात ‘टू’ला जागा फक्त मधल्या वाक्यात आहे, ‘आय गेव्ह मनी टू हिम’ अशी, आणि तीही ऐच्छिक.

सूत्र लावलं की काय होतं ते वह्यांत दिसतं. ‘आय मेट टू हिम.’ ‘ही हेल्प्ड टू मी.’ ‘आय आस्क्ड टू हर.’ ‘आय टोल्ड टू देम.’ ‘माय मदर कॉल्ड टू मी.’ या सगळ्यांतला ‘टू’ खोडायचा. शेवटच्या वाक्यात तर अर्थही बदलतो. ‘कॉल्ड मी’ म्हणजे फोन केला. ‘कॉल्ड टू मी’ म्हणजे लांबून हाक मारली.

‘हिम’चा इतिहास मी मुलांना मुद्दाम सांगतो. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘हिम’ हे निव्वळ चतुर्थीचं रूप होतं. द्वितीयेसाठी वेगळं रूप होतं, ‘हिने’. पुढे ‘हिने’ वापरातून गेलं आणि ‘हिम’ने दोन्ही कामं उचलली, अगदी आपल्या त्याला सारखी. म्हणजे ‘हिम’ या शब्दात ला आधीच आहे. ‘गिव्ह हिम’ ही त्या जुन्या चतुर्थीची उरलेली खूण आहे. ‘आय सॉ टू हिम’ म्हणणं म्हणजे “मी त्यालाला पाहिलं” म्हणणं. एकदा असं सांगितलं की पोरं तो ‘टू’ स्वतःच खोडतात.

तिसऱ्या कामाची, भूक लागण्याची, गोष्ट आमच्या उदगीरमध्ये फार चांगली समजावता येते. इथल्या बाजारात चार भाषा कानावर पडतात. कानडी माणूस म्हणतो ‘ननगे गोत्तिल्ला’. तेलुगू बोलणारा म्हणतो ‘नाकु तेलियदु’. दखनी बोलणारा म्हणतो ‘मेरेकू नै मालूम’. आपण म्हणतो मला माहीत नाही. ननगे, नाकु, मेरेकू, मला: चारही एकाच कामाचे. आमचं पोर घरात, शेजारी, बाजारात कुठेही गेलं तरी माहीत असणं, भूक लागणं, आवडणं या गोष्टी मला होतात, मी त्या करत नाही. आणि मग इंग्रजी म्हणते ‘आय डोन्ट नो’, ‘आय लाइक इट’, ‘आय वॉन्ट इट’, ‘आय रिमेंबर हर’, ‘आय हॅव अ फीव्हर’. इथे मलाचं थेट ‘आय’ होतं. ‘टू मी’ नाही, नुसतं ‘मी’सुद्धा नाही. मेसेजमधल्या सूत्रात याला जागाच नाही, आणि रोजच्या बोलण्यात तर मला आवडतं, मला पाहिजे, मला येतं याच वाक्यांची सगळ्यात जास्त गरज पडते.

यातही आपली रचना अडाणी आणि इंग्रजी शहाणी असं काही नाही. इंग्रजीतही एकेकाळी मला वाटतं असंच म्हणत. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्रजीत ‘मीथिंक्स’ हा शब्द सर्रास होता. त्यातला ‘मी’ म्हणजे मला, आणि सगळा शब्द म्हणजे मला वाटतं. ‘लाइक’सुद्धा आधी आपल्या आवडणेसारखंच चालायचं: वस्तू कर्ता, माणूस चतुर्थीत. पुढे शब्दांच्या शेवटचे प्रत्यय झिजले, जागेवरून अर्थ लावायची सवय पडली, आणि क्रियापदाच्या आधी जो बसला तो कर्ता झाला. म्हणून ‘आय लाइक’. हे कळलं की पोराला आपल्याच मराठीचा संकोच वाटत नाही, आणि बदल कुठे करायचा तेही दिसतं.

दुसरं सूत्र पहिल्याच्या विरुद्धच जातं. पहिलं म्हणतं सगळीकडे ‘टू’ लावा, दुसरं म्हणतं कुठेच नाही लावला तरी चालेल. दोन्ही एकदम पाळता येत नाहीत. त्याची शिक्षा भोगणारं वाक्य मला दर आठवड्याला ऐकू येतं: “सर, ‘प्लीज एक्सप्लेन मी धिस सम’.”

‘गिव्ह मी’, ‘टेल मी’, ‘शो मी’, ‘सेंड मी’, ‘टीच मी’, ‘लेंड मी’ ही क्रियापदं माणसाला थेट शेजारी बसवतात. ‘एक्सप्लेन’, ‘डिस्क्राइब’, ‘सजेस्ट’, ‘मेन्शन’, ‘इंट्रोड्यूस’ बसवत नाहीत. त्यांना ‘टू मी’ लागतं: ‘एक्सप्लेन इट टू मी’. ढोबळ ओळख अशी की पहिल्या गटातले बहुतेक शब्द इंग्रजीचे घरचे, छोटे, एका दमात उच्चारता येणारे आहेत, तर दुसऱ्या गटातले लॅटिन-फ्रेंच वाटेने आलेले, लांब. म्हणून ‘गिव्ह देम मनी’ बरोबर, पण ‘डोनेट देम मनी’ म्हणत नाहीत. अपवाद आहेत: ‘ऑफर’ आणि ‘प्रॉमिस’ बाहेरून आलेले असूनही माणसाला जवळ घेतात. उलट ‘से’ अगदी घरचा शब्द, तरी ‘से मी’ होत नाही. त्यासाठी माझ्याकडे सोपी जोडी आहे. ‘टेल’ म्हणजे सांगणं, ‘से’ म्हणजे म्हणणं. सांगायला समोर कुणीतरी लागतं, म्हणून ‘टेल हिम’. म्हणायला शब्द लागतात, म्हणून ‘से इट’, आणि माणूस आणायचाच तर ‘सेड टू हिम’. देणाऱ्या क्रियापदाबरोबर दोन्ही सर्वनामं आली तर ‘गिव्ह इट टू मी’ म्हणावं. इंग्लंडच्या काही भागांत ‘गिव्ह मी इट’ही ऐकू येतं, पण आपल्या मुलांना पहिलं शिकवलं की कुठेच अडत नाही.

“मग हे सगळं पाठच करायचं का?” असं पालक विचारतात. त्यांना मी मराठीची वाक्यं म्हणायला सांगतो. त्याला भेट. त्याच्याशी बोल. त्याच्यावर रागाव. त्याचं ऐक. त्याची वाट बघ. त्याच्याकडे बघ. प्रत्येक क्रियापदाने आपापला सोबती निवडलाय, आणि आपण तो आईच्या मांडीवर शिकलो. चुकलं तर अर्थ फिरतो: “मी त्याच्याशी बोललो” आणि “मी त्याला बोललो” यांत भांडणाचा फरक आहे. आमच्याकडच्या खेड्यांत जुनी माणसं अजून “म्या भाकर खाल्ली” म्हणतात, पण “मी गेलो” म्हणतात. क्रियापद बदललं की सर्वनामाचं रूप बदलतं, हे त्या आजीला कुणी शाळेत शिकवलेलं नाही. इंग्रजी क्रियापदंही तेच करतात, फक्त त्यांच्या निवडी वेगळ्या आहेत. त्याची वाट बघचं ‘वेट फॉर हिम’ होतं, त्याचं ऐकचं ‘लिसन टू हिम’, त्याच्याशी लग्न करचं नुसतं ‘मॅरी हिम’. आपला प्रत्यय बघून तिकडचा शब्द ठरवायला गेलं की तिन्ही ठिकाणी फसगत होते.

मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्याआधी पाचवीपासून होतं. चार वर्षं वाढली, तरी बारावीच्या वहीत ‘एक्सप्लेन मी’ निघतं. माझ्या मते आपण शब्दार्थ एकटे पाठ करून घेतो म्हणून. ‘एक्सप्लेन म्हणजे समजावणे’ असं लिहिलेली वही अपुरी आहे. ‘एक्सप्लेन इट टू मी: मला ते समजाव’ अशी वही पाहिजे.

तिसऱ्या सूत्राकडे येतो. मागच्या पावसाळ्याआधी देवणीकडच्या एका पोराने निबंधात लिहिलं होतं: ‘द मोटर वॉज रनिंग. आय टर्न्ड ऑफ इट.’ रात्रीची लाइट आली की बापाबरोबर बोअरची मोटर चालू-बंद करणारं पोर ते. अनुभव स्वतःचा, वाक्य मनापासून लिहिलेलं, आणि ‘टर्न ऑफ’ तोडायचं नाही हे पाठ असल्याने चुकलेलं. मी त्याला फळ्यावर बोलावलं आणि मराठीत लिहायला सांगितलं. त्याने लिहिलं: ती बंद कर. म्हटलं, आता ‘कर’ उचल आणि पुढे नेऊन ठेव, बाकी काही हलवू नको. झालं: कर ती बंद. त्याच्या खाली मी ‘टर्न इट ऑफ’ लिहिलं. कर खाली ‘टर्न’, ती खाली ‘इट’, बंद खाली ‘ऑफ’. तो फळ्याकडे बघतच राहिला. मग मागच्या बाकावरून एकेक यायला लागलं. ते खाली ठेव, ठेव ते खाली, ‘पुट इट डाउन’. ती परत दे, दे ती परत, ‘गिव्ह इट बॅक’. त्याला बाहेर काढ, काढ त्याला बाहेर, ‘गेट हिम आउट’.

नाम असेल तर दोन्ही चालतं: ‘टर्न ऑफ द मोटर’ आणि ‘टर्न द मोटर ऑफ’. सर्वनाम असेल तर मध्येच. कारण ‘इट’ म्हणजे काय ते आधीच माहीत आहे, शब्द हलका आहे. वाक्याच्या शेवटी इंग्रजीला वजनदार शब्द लागतो, म्हणून आवाजाचा जोर ‘ऑफ’वर पडतो.

पण सगळेच छोटे शब्द असे सुटे नसतात, आणि इथे मुलं उलट दिशेला चुकतात. ‘लुक इट ॲट’ होत नाही. पुन्हा मराठीकडे बघा: बंद, खाली, परत हे शब्द सुटे आहेत. त्याच्याकडे बघ, माझ्यासाठी थांब यांत कडे आणि साठी सर्वनामाला चिकटलेले आहेत. जे मराठीत सर्वनामाला चिकटतं ते इंग्रजीतही बहुधा सर्वनामाच्या आधी त्याला धरून राहतं: ‘लुक ॲट हिम’, ‘वेट फॉर मी’. ही खूण दर वेळी मिळत नाही. तिला सांभाळ म्हणजे ‘लुक आफ्टर हर’, तिथे मराठी मदतीला येत नाही, ते वाक्य तसंच लक्षात ठेवावं लागतं. आणि जागा बदलली की अर्थ किती बदलतो बघा. ‘सी हिम थ्रू’ म्हणजे त्याला अडचणीतून पार नेणं. ‘सी थ्रू हिम’ म्हणजे त्याचा खोटेपणा ओळखणं. ‘आय टर्न्ड इट ऑन’ म्हणजे मी ते सुरू केलं, आणि ‘द डॉग टर्न्ड ऑन मी’ म्हणजे कुत्रा माझ्यावरच उलटला. शब्द तेच, सर्वनामाची खुर्ची बदलली.

चौथं सूत्र अर्धं खरं आहे. ‘टेल हिम टू कम’, ‘आस्क हर टू वेट’, ‘आय वॉन्ट देम टू विन’ इथे ते चालतं, आणि ‘वॉन्ट’च्या बाबतीत तर उपयोगी आहे, कारण त्याने यावं असं मला वाटतं यावरून पोरं ‘आय वॉन्ट दॅट ही शुड कम’ लिहितात. पण ‘लेट’ आणि ‘मेक’ यांना ‘टू’ नको: ‘लेट मी गो’, ‘दे मेड हिम वेट’. ‘हेल्प’ला दोन्ही चालतं. ‘सजेस्ट हिम टू गो’ होत नाही. एवढं पुरे.

पाचवं सूत्र ऐकायला गोड आहे, आणि त्यात एक खरी गोष्ट आहे. आपली भारतीय इंग्रजी ही स्वतंत्र, धडधाकट बोली आहे. ‘प्रीपोन’ (ठरलेली वेळ अलीकडे आणणं) यासारखा शब्द आपण रुळवला, त्यासाठी कुणाची माफी मागायची गरज नाही. ‘डिस्कस अबाउट इट’ला मी परीक्षेच्या वहीत खूण करतो, बोलताना टोकत नाही, कारण अर्थ शाबूत राहतो. पण समोरच्याला कळलं आणि बरोबर कळलं या दोन गोष्टी आहेत. ‘थ्रो इट टू मी’ म्हणजे माझ्याकडे टाक, मी झेलतो. ‘थ्रो इट ॲट मी’ म्हणजे मला फेकून मार. ‘शाउटेड टू मी’ म्हणजे लांबून ओरडून सांगितलं. ‘शाउटेड ॲट मी’ म्हणजे अंगावर ओरडला.

माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात एका कंपनीत शिफ्ट सांभाळते. तिच्या हाताखालच्या एका मुलाला बरं नव्हतं, म्हणून तिने त्याला लवकर घरी जायला सांगितलं. तिने वरिष्ठांना मेल केला: ‘ही वॉज नॉट वेल, सो आय आस्क्ड टू लीव्ह अर्ली.’ वरिष्ठांनी वाचलं की त्याला बरं नव्हतं, म्हणून हिनेच लवकर जायची परवानगी मागितली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला बोलावून विचारलं, शिफ्ट सोडून का गेलीस? हजेरीचं यंत्र दाखवून तिला ती पूर्ण वेळ तिथे होती हे सिद्ध करावं लागलं. तिने मला फोन केला तेव्हा आवाज रडवेला होता. “सर, मी तर मनात अगदी बरोबर म्हटलं होतं. बरं नव्हतं म्हणून जायला सांगितलं.”

तिने म्हटलं होतं ते मराठीत बरोबरच होतं. मराठीत संदर्भ असला की आपण सर्वनाम गाळतो. “पुस्तक बघितलं का?” “बघितलं.” कुणाला, काय, हे म्हणावं लागत नाही. इंग्रजी ही सवलत देत नाही: ‘येस, आय सॉ इट’ म्हणावंच लागतं. ‘आय आस्क्ड हिम टू लीव्ह’मध्ये ‘हिम’ गेला की जाणारा माणूसच बदलतो. मेसेजच्या पाच सूत्रांत सर्वनाम कुठे ठेवायचं याची चर्चा आहे. ते गाळू नका हे कुठेच नाही, आणि मराठी माणसाला तेच आधी सांगायला पाहिजे. तिने त्याच दिवशी मेल दुरुस्त करून पुन्हा पाठवला. शिफ्टच्या खोलीतल्या तिच्या टेबलावर आता एक छोटी वही असते, मला तिने फोटो पाठवला होता: ‘आस्क हिम टू’, ‘टेल देम टू’, ‘रिपोर्ट इट टू हर’, ‘रिमाइंड मी’.

भाचीलाही मी तशीच वही करायला सांगितली: मेसेज बाजूला ठेव, रोज पाच क्रियापदं, प्रत्येक सर्वनामासकट, घरातल्या कामाच्या वाक्यात. काल रात्री तिने पहिल्या चार दिवसांचं पान पाठवलं. वीस वाक्यं होती. ‘टर्न इट डाउन, आजी इज स्लीपिंग’ वाचून मला फार बरं वाटलं. सतरा अचूक आहेत. ‘बॉरो मी अ पेन’, ‘सजेस्ट मी अ नेम’ आणि ‘आन्सर मी’च्या जागी तिने लिहिलेलं ‘आन्सर टू मी’, या तिन्हींवर रविवारी ती इकडे आली की बसणार आहोत.